कोणाचा उजवा?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी सरांचे म्हणून सांगतो. आईवडील समोर बसलेले असले तरी तसंच सांगतो, आणि त्यांनाही ते पटतं. सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख आणि माझे पीएचडीचे मार्गदर्शक. मी म्हसळ्याला मराठी शाळेत शिकलो. घरची भातशेती, आणि कापणी उरकली की वडील पनवेलकडे कंपनीत कंत्राटावर. पदवीपर्यंत पोचलेला घरातला मी पहिलाच. नवी मुंबईतल्या या लॅबच्या मुलाखतीत मला इंग्रजीचं एक वाक्य धड पुरं करता येईना. समितीतले दोघं एकमेकांकडे बघून हसले. सरांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मराठीत सांग. विषय कळलाय की नाही एवढंच मला बघायचंय." मला घेतलं. नंतर माझा पहिला संशोधनाचा पेपर ओळ न ओळ माझ्या शेजारी बसून दुरुस्त केला. परिषदेत बोलायचं होतं तेव्हा आठवडाभर रोज संध्याकाळी मला त्यांच्या खोलीत उभं करून बोलायला लावलं.

यातलं काही मी विसरलेलो नाही. ते सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढे त्यांच्याविषयी चांगलं लिहिण्यासारखं माझ्याकडे फार थोडं आहे.

आमच्या लॅबमध्ये मेंदूचे एमआरआय स्कॅन करून माणूस वाचतो तेव्हा मेंदूत काय घडतं ते बघतात. लहानपणी शाळेत गेलेल्या माणसाला अक्षरं दाखवली की मेंदूच्या डाव्या बाजूचा एक भाग जोरात कामाला लागतो. सरांचा प्रश्न असा होता, की चाळिशी-पन्नाशीत वाचायला शिकलेल्यांचं काय होतं? शहरातल्या शिकलेल्या माणसांचे स्कॅन आधीच झालेले होते. उशिरा शिकणारे कुठून आणायचे, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या गावात संध्याकाळी प्रौढांचा साक्षरतेचा वर्ग भरतो. मी हौसेने गेलो आणि वर्गातल्या बायका आणि काही पुरुष, सगळ्यांना समजावून, जीप करून घेऊन आलो. त्यांत माझी चुलतीही होती.

स्कॅनच्या आधी प्रत्येकाच्या उजव्या कानाच्या पुढे मी माशाच्या तेलाची एक गोळी चिकटपट्टीने लावत असे. तेल स्कॅनमध्ये पांढरं चमकतं, त्यामुळे चित्रात उजवी बाजू कुठली ते नक्की कळतं. चुलतीने ती गोळी चाचपून बघितली आणि म्हणाली, "आमी सालभर मासली खाल्ली ती डोसक्यात पोचली न्हाय व्हय? आता वरून लावतोस?"

या गोळीचं कारण असं. मेंदूचं चित्र बघायच्या दोन रीती आहेत. डॉक्टर लोक रुग्णाच्या पायाशी उभं राहून बघितल्यासारखं बघतात, म्हणून रुग्णाचा उजवा त्यांच्या डावीकडे येतो. आम्ही संशोधक डोक्यामागून बघितल्यासारखं बघतो, म्हणून उजवा उजवीकडेच. दोन्ही रीती लॅबमध्ये चालू असतात. त्यामुळे दिवसातून एकदा तरी कोणीतरी पडद्यापुढे उभं राहून विचारतंच, "कोणाचा उजवा?" त्यावर हसायचं, अशी आमच्यात रीत पडलेली होती. खरं उत्तर शोधायची रीत मात्र नव्हती.

पेपर आला आणि गाजला. उशिरा वाचायला शिकणारी माणसं मेंदूच्या उजव्या बाजूने वाचतात, असा निष्कर्ष. वर्तमानपत्रांनी तो आणखी रंगवला. प्रौढ शिक्षणाचं काम करणाऱ्या एका संस्थेने सरांना सल्लागार नेमलं आणि ठरवलं, की मेंदूची उजवी बाजू चित्रांची समजतात, आणि या लोकांचा मेंदू त्या बाजूने चालत असेल तर त्यांना अक्षरांऐवजी चित्रांची कार्डं द्यावीत. पहिली कार्डं आमच्याच गावच्या वर्गात आली. सगळ्या तालुक्यात वाटायची पुढे तयारी चालू झाली.

त्याच सुमाराला सरांनी मला एक काम दिलं. सर खुल्या विज्ञानावर व्याख्यानं देतात. संशोधकाने आपला डेटा आणि कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवावा, दुसऱ्या कोणीही तो सुरुवातीपासून चालवला तर तेच उत्तर यायला हवं, हे ते फार सुंदर सांगतात. मी ते ऐकूनच त्यांच्यावर भाळलो होतो. तर या पेपरचा सगळा डेटा आणि कोड नीट लावून जगाला खुला करायचा होता, आणि ते माझ्याकडे आलं. फोल्डरांना ठरलेली नावं द्यायची, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून स्कॅनमधून चेहरे पुसायचे, आणि शेवटी एका कोऱ्या संगणकावर मूळ स्कॅनपासून सगळं पुन्हा चालवून बघायचं.

चालवलं. उत्तर तेच आलं, आणि मला आनंद झाला. मग चेहरे पुसायच्या आधीचे स्कॅन एकदा डोळ्यांनी बघून घ्यावेत म्हणून उघडले. शहरातल्या माणसांची गोळी उजवीकडे होती. माझ्या गावच्या प्रत्येक माणसाची गोळी डावीकडे होती. चुलतीची पण. मीच लावलेली गोळी, उजव्या कानापुढे.

कारण सापडायला दुपार पुरली. मशीनमधून निघालेली फाइल आमच्या कामाच्या रूपात बदलायला एक छोटा प्रोग्राम वापरतात. जुनं मशीन चित्र उलटं लिहायचं, म्हणून लॅबमधल्या एका जुन्या विद्यार्थ्याने डावं-उजवं पलटणारी एक ओळ त्यात घातली होती. शहरातल्या लोकांचे स्कॅन झाल्यावर मशीनचं सॉफ्टवेअर बदललं आणि चित्र सरळ येऊ लागलं. ती ओळ तशीच राहिली. माझ्या गावकऱ्यांचे सरळ आलेले मेंदू त्या ओळीने उलटे करून ठेवले. आणि पेपरच्या वेळी मोजणीआधी चित्रात नुसता मेंदू ठेवला होता, चेहऱ्याबरोबर गोळीही पुसली गेली होती, म्हणून पुढच्या कोणाला काही दिसलं नाही. मी ती ओळ काढून पुन्हा चालवलं. माझी माणसं मेंदूच्या डाव्या बाजूने वाचत होती, बाकीच्या जगासारखी. पेपरात काहीच उरलं नाही.

मी धावत सरांकडे गेलो. ते खूश होतील असं मला खरंच वाटलं होतं. चूक आपली आपणच पकडली, याच्यापेक्षा मोठी गोष्ट त्यांच्याच व्याख्यानात कुठली होती? सरांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "कोणाला बोललास?"

"कोणाला नाही, सर."

"बोलू नकोस. नागावला बघू."

नागावला आमच्या लॅबची वार्षिक सहल असते. तिला रिट्रीट म्हणतात. नारळाच्या वाडीतलं एक होमस्टे घेतात, दोन दिवस पडवीत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून भिंतीवर स्लाइड दाखवतात, आणि मधल्या वेळात समुद्रावर मोटरबोटीच्या मागे बांधलेल्या फुग्यावर बसून किंचाळतात. मी रायगडचा, म्हणून मासळीचं माझ्याकडे. "तू लोकल ना, तू बघ," असं म्हणून चार वर्षं मला स्वयंपाकघरात पाठवलं आहे. लोकल हा शब्द ते असा म्हणतात, की मी नारळांबरोबर त्या वाडीतच उगवलो असावा.

पहिल्या दुपारी सरांनी खुल्या डेटाची स्लाइड लावली. प्रक्रिया केलेला डेटा आणि निकाल खुले. मूळ स्कॅन योग्य मागणी आल्यास मिळतील. हे मागणीचं काय असतं ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मागणी करणाऱ्याची मेल वाट बघत बघत म्हातारी होते.

मी हात वर केला. "सर, मूळ स्कॅन दिल्याशिवाय गोळी दिसणार नाही."

"जेवणानंतरची?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मी उभा राहिलो आणि ती ओळ, गोळी, उलटे मेंदू, सगळं सांगून टाकलं. आमच्या लॅबमध्ये सरांच्या खालोखाल एक सिनिअर मॅडम आहेत. त्या पेपरात त्यांचं नाव पहिलं होतं. त्या म्हणाल्या, "तुला बरं नाहीये का रे? मासे जास्त झाले वाटतं."

"मासे तुम्ही खाल्लेत, मॅडम. मी नुसते साफ केले."

या वेळी कोणी हसलं नाही.

सर शांतपणे म्हणाले, "प्रश्न प्रायव्हसीचा आहे. मूळ स्कॅनमधून चेहरा बनवता येतो. तुझ्याच गावच्या बायकांचे चेहरे जगभर फिरावेत असं वाटतं तुला?"

"नाक, डोळे, तोंड पुसून गोळी ठेवता येते, सर. मी करून बघितलंय. आणि सह्या घेताना आपण त्यांना सांगितलं होतं, की नावं-चेहरे सोडून बाकी सगळं खुलं होईल. मीच वाचून दाखवलं होतं."

"तू चालवलंस ते बरोबर कशावरून?" मॅडम.

"तुम्ही चालवा. कोणीही चालवा. त्याच्यासाठीच खुलं करतोय ना आपण?"

सरांनी स्लाइड बंद केली. "बाहेर ये."

आम्ही वाडीतून वाळूवर आलो. सर ओल्या वाळूपर्यंत चालत गेले. मग म्हणाले, "तुला इथे कोणी आणलं?"

"तुम्ही, सर."

"मी नसतो तर म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर भेळ विकत असतास."

म्हसळ्याच्या स्टँडजवळ भेळेची गाडी आहे ती माझ्या वर्गमित्राची, आणि त्याला स्वतःचा उजवा हात कुठला ते विचारावं लागत नाही. हे मला म्हणायचं होतं. मी म्हणालो, "हो, सर."

मग त्यांचा आवाज मऊ झाला. मला तो जास्त खटकला. "हे बघ. पुढच्या पेपरात एक वाक्य टाकू. मोठ्या गटात परिणाम कमी दिसला, असं. सगळे असंच करतात. तुझा प्रबंध तीन महिन्यांत माझ्या सहीला येतोय. कशाला घाण करतोस?"

"कमी नाही दिसला, सर. तो नव्हताच. आणि ती कार्डं?"

"कार्डं मी छापली का?"

"कार्डांच्या मागे मेंदूविज्ञानाच्या आधारे असं छापलंय, सर. ते आपलंच आहे. वर्गात अक्षरं शिकवणं बंद झालंय."

सर हसले. तसं हसताना मी त्यांना पूर्वी एकदाही बघितलं नव्हतं. मुलाखतीतल्या त्या दोघांना बघितलं होतं. "अरे, अक्षरं नाही तर चित्रं. काय बिघडतं? तुझ्या त्या बायका काय आता कलेक्टर होणार आहेत?"

 दुसऱ्या सकाळी सगळे फुग्यावर बसायला गेले तेव्हा मी सॅक उचलली, अलिबागला आलो आणि तिथून एसटीने घरी गेलो. माझ्या मनात त्यांच्याविषयी इतका राग होता की गाडी घाटाला लागली तरी खिडकीबाहेर बघायचं सुचलं नाही. राग कसला, ते नीट सांगतो. त्यांनी चूक केली याचा नव्हता. ती चूक कोणाच्याही हातून झाली असती. दुसऱ्यांना जे उघडं करायला सांगून टाळ्या घेतल्या, ते स्वतःवर आलं तेव्हा माझ्या गावच्या बायकांच्या पदराआड लपायला निघाले, त्याचा होता.

संध्याकाळी वर्गात गेलो. समाजमंदिराच्या फरशीवर बायका बसल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे रंगीत कार्डं होती. वर्ग घेणाऱ्या बाई आमच्याच गावच्या सून आहेत. त्यांनी मला बघून तोंड फिरवलं.

चुलतीने बसल्या जागेवरून हाक मारली, "ये, ये. ह्ये बघ, गाय दावतायत मला. गाय काय मला ठावूक न्हाय व्हय? गोठ्यात जलम गेला माजा."

"काकी, हळू बोल."

"का हळू? दिवाळीपर्यंत मी येष्टीचा बोर्ड वाचाया लागले व्हते. बोर्ली वाचलं, श्रीवर्धन निम्मं वाचलं. आता बाई म्हणतात, तुमचा मेंदू उलटा हाय, अक्षरं सोडा. तुज्या सरानं सांगितलं म्हनं."

"मेंदू उलटा नाही, काकी. चित्र उलटं होतं. चूक झाली."

 बाईंनी विचारलं, "कोणाची चूक?"

"आमच्या लॅबची."

"मग तसं लिहून आणा," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे वरून कागद आलाय, कार्डंच वापरायची म्हणून. तुमच्या तोंडी बोलण्यावर मी पाटी-पेन्सिल काढली तर माझं मानधन कोण देणार, तुम्ही? तुमच्या लॅबनेच घोळ घातला आणि आता तुम्हीच येऊन शहाणपण सांगताय."

एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आमाला त्या बोगद्यात घातला, कान फुटायची येल आली, आन वर आमचीच खोपडी उलटी म्हनं. पुन्हा जीप घिऊन आलास तर बघ."

"सराची खोपडी घातली व्हती का कोनी बोगद्यात?" चुलतीने विचारलं. सगळ्या हसल्या. मी त्यांच्यात बसू शकलो नाही आणि उठूनही जाऊ शकलो नाही. बाई पुन्हा म्हणाल्या, "लिहून आणा."

लिहून आणायचं म्हणजे पेपर जिथे छापला त्या संपादकांकडून चूक जाहीर व्हायला हवी होती. ती झाली की संस्थेला कागद बदलावा लागेल, तालुक्यात कार्डं जाणार नाहीत आणि या वर्गात अक्षरं परत येतील. ते मला करता येत होतं. त्यानंतर माझ्या प्रबंधावर सही कोण करेल, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि अजून नाही. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांनी तुला वर काढला, हे इसरू नकोस." मी म्हणालो, विसरत नाही. "मग त्यांना नीट कागद लिही. पाठीमागून काय करू नकोस."

तो कागद मी लिहिला. सरांना मी आजवर सगळं इंग्रजीत लिहिलं होतं, कारण त्यांनीच ते शिकवलं. हे मराठीत लिहिलं आणि पोस्टाने पाठवलं.

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

पेपरच्या संपादकांना मी आज सकाळी कळवलं आहे. ती पलटणारी ओळ, ती घातल्यावर आणि काढल्यावर येणारी उत्तरं आणि दुरुस्त केलेला कोड, एवढं त्यांना पाठवलं आहे. गावकऱ्यांचे मूळ स्कॅन पाठवलेले नाहीत. ते माझ्या एकट्याचे नाहीत. ते तुमच्याकडून मागून घ्यावेत, अशी विनंती मी त्यांना केली आहे. चेहरे पुसून गोळी राखलेली प्रत लॅबच्या संगणकावर तयार आहे, म्हणजे प्रायव्हसीचं कारण देता येणार नाही. कार्डं छापणाऱ्या संस्थेलाही संपादकांना लिहिलेल्या पत्राची प्रत गेली आहे.

तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. आधी सांगितलं होतं, सर. तुमच्या खोलीत सांगितलं, नागावला सगळ्यांसमोर सांगितलं आणि वाळूवर तिसऱ्यांदा सांगितलं.

तुम्ही मला उचलून आणलंत, हे खरं आहे. मी ते कोणालाही सांगतो आणि पुढेही सांगेन. पण तुम्ही ते मला गप्प करायला वापरलंत. मला मुलाखतीत पाणी दिलंत ते या दिवसासाठी राखून ठेवलं होतं का, असं माझ्या मनात आलं आणि त्या विचाराचाच मला संताप येतो. तुमच्याविषयी असं काही मनात यावं, अशी माझी इच्छा नव्हती.

त्या बायका कलेक्टर होणार नाहीत. त्यांना एसटीचा बोर्ड वाचायचा होता. तो त्या वाचायला लागल्या होत्या आणि आपल्या पेपरमुळे ते थांबलं. याच्यात मला हसण्यासारखं काही दिसत नाही.

प्रबंधातलं उजव्या बाजूचं प्रकरण मी काढून टाकलं आहे. उरलेला प्रबंध लहान आहे, पण बरोबर आहे. सही करायची नसेल तर तसं विभागाला लेखी कळवावं, म्हणजे मला दुसरे मार्गदर्शक मागता येतील. तोंडी निरोप पाठवू नये. मॅडमनी कालपासून दोन निरोप पाठवले आहेत आणि दोन्हींत मी कृतघ्न आहे एवढंच आहे. कोडविषयी एक शब्द नाही.

लॅबच्या संगणकावरचं माझं फोल्डर मी जसंच्या तसं ठेवलं आहे. काय आधी चालवायचं, काय नंतर, ते पहिल्याच फाइलमध्ये लिहिलं आहे. तुम्ही स्वतः बसा, कोणाला सांगू नका, आणि सुरुवातीपासून चालवून बघा. वेगळं उत्तर आलं तर मला कळवा. मी चुकलो असं संपादकांना त्याच दिवशी लिहीन, आणि तुमच्या दारात येऊन माफी मागेन. माझंच उत्तर आलं, तर मला काही कळवायची गरज नाही. संपादकांना कळवा.

तुमचा विद्यार्थी